शिफ्ट इन्चार्ज आणि सिनियर चार्ज नर्स, नेमका फरक काय? बँड ७ ला अर्ज करू का?

सांगलीची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी स्कॉटलंडमध्ये मेडिसिन वॉर्डला बँड ६ (बँड म्हणजे इथली पगाराची श्रेणी) चार्ज नर्स आहे, त्याआधी सांगलीला पाच वर्षं काम केलंय. आमच्या सिनियर चार्ज नर्स (पूर्ण वॉर्डच्या प्रमुख, बँड ७) रिटायर होतायत आणि लीड नर्स दोनदा म्हणाल्या की तू फॉर्म भर. पगार वाढेल हे खरं, पण त्यांचा दिवस मी बघते ना, रोस्टर, आजारी रजेचे फॉर्म, ऑडिट, डेटिक्सची (चुका-अपघात नोंदवायच्या सिस्टिमची) उत्तरं, नातेवाईकांच्या तक्रारी, यातच निम्मा दिवस जातो आणि मला तर पेशंटजवळ राहायला आवडतं. शिफ्टची इन्चार्ज तर मी आत्ताही असतेच, मग वेगळं काय करायचं असतं? कोणी करतंय का हे काम, खरं खरं सांगा.

नेव्ही_ब्लू
मी सर्जिकलला सहा वर्षं एससीएन, म्हणजे सिनियर चार्ज नर्स आहे. शिफ्ट इन्चार्जचं काम हँडओव्हर दिला की संपतं, आपलं संपत नाही, एवढाच फरक आहे आणि तो खूप मोठा आहे. रात्री तीनला आजोबा बाथरूममध्ये पडले तेव्हा तू घरी झोपलेली असशील, पण ते का पडले, बेल हाताशी होती का, फॉल्सचं असेसमेंट कधी झालं होतं, हे सकाळी तूच शोधायचं आणि मुलीला फोन करून खरं काय झालं ते सांगायचं.

इंटरव्ह्यूसाठी २००८ चा लीडिंग बेटर केअर हा अहवाल वाच. स्कॉटिश सरकारने त्यात एससीएनचं काम चार भागांत मांडलंय: सुरक्षित आणि परिणामकारक क्लिनिकल काम, पेशंटचा अनुभव, टीमची कामगिरी आणि त्यांना घडवणं, आणि संस्थेची उद्दिष्टं. ऐकायला कागदी वाटतं पण माझं एक उदाहरण देते. आमच्याकडे रात्री दोनची ऑब्झर्व्हेशन्स सारखी उशिरा व्हायची, न्यूज स्कोअर (पेशंटची तब्येत किती बिघडतेय ते दाखवणारा आकडा) पाचच्या वर गेलेला कळायचा तो सहा वाजता. सगळे म्हणत होते नाईटची मुलं आळशी. मी दोन रात्री स्वतः थांबले तर कळलं बीपीची तीन मशिन्स, त्यातलं एक कायम बंद आणि एक शेजारच्या वॉर्डला उसनं दिलेलं. मुलं एकाच मशिनने चोवीस पेशंट करत होती! मशिन आणवलं, उसनवारी बंद केली, आणि आठवड्याभरात वेळा ताळ्यावर आल्या. ओरडून हे झालं नसतं.

निवृत्त_परिसेविका
बाळा, मी महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) म्हणून रिटायर झाले. आमच्या वेळी इन्चार्ज सिस्टर म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर, इंडेंट, लिननचा हिशोब, डबल लॉकच्या किल्ल्या आणि ड्युटी लावणं. चार्ज घेताना चादरी, किडनी ट्रे, कात्र्या सगळं मोजून घ्यायचं, एक कमी भरली तर जीव खाली-वर. म्हणून तुझी भीती मला कळते. पण मी एक सवय मोडली नाही, आल्या आल्या ऑफिसात न बसता आधी पूर्ण वॉर्डची फेरी, प्रत्येक खाटेशी थांबून, सलाईन बघायचं, पाय बघायचे, मावशींना विचारायचं रात्री कोण जेवलं नाही. मावशी आणि मामा जे सांगतात ते केस पेपरवर कधीच नसतं. तिकडे तुमच्या सपोर्ट वर्कर असतात ना, त्यांना विचारत जा.

सांगलीची_लेक
मावशी, डोळ्यात पाणी आलं वाचून. @नेव्ही_ब्लू, अजून एक, माणसं कमी असतात तेव्हा काय करता? मी आत्ता फक्त साइटला (पूर्ण हॉस्पिटलचा स्टाफ बघणाऱ्यांना) फोन करते, ते म्हणतात कोणी नाही, आणि विषय संपतो.

नेव्ही_ब्लू
विषय तिथे संपू द्यायचा नाही. स्कॉटलंडचा स्टाफिंगचा कायदा २०१९ चा आहे पण लागू झाला १ एप्रिल २०२४ पासून. त्यात त्या-त्या वेळेला स्टाफिंग पुरेसं आहे का हे बघायचं, धोका असेल तर वर कळवायचा, वरच्यांनी काय ठरवलं आणि का ते तुला सांगायचं, आणि तुला पटलं नाही तर तुझी असहमती नोंदवायची सोय ठेवायची, हे सगळं आहे. म्हणून मी फोनवर थांबत नाही, किती वाजता कळवलं, कोणाला, किती पेशंटना दोन माणसं लागतात, काय उत्तर आलं, सगळं सिस्टिममध्ये टाकते. आणि तू म्हणतेस ना ऑफिसमध्ये अडकू, तर क्लिनिकल लीडरला नेतृत्वाच्या कामासाठी पुरेसा वेळ द्यायचा हेही त्याच कायद्यात आहे. इंटरव्ह्यूलाच विचार की मला रोज पेशंटच्या नंबरमध्ये धरणार का. गोलमोल उत्तर आलं तर समजून जा.

मिरज_ते_डंडी
एक राहिलं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांनाच उद्या सांगावं लागतं की तुझी औषधाची चूक झालीय, ते मला सगळ्यात जड गेलं. बाजूला घेऊन, त्याच दिवशी, आणि आधी त्यांचं ऐकून. चूक झाकू मात्र कोणालाच देऊ नको, अगदी मैत्रिणीलाही.

सांगलीची_लेक
फॉर्म आज रात्री उघडते. लीड नर्सना म्हणते अर्ज करायच्या आधी दोन दिवस आमच्या एससीएन मॅडमच्या मागे फिरू द्या, आणि उद्या सकाळी आमच्या वॉर्डची बीपी मशिन्स मोजते.