लांग्झाचा शाळिग्राम खिशात घालायचा की नाही?

तापीकाठचा (जळगाव): काल इथे एकाने स्पितीचे फोटो टाकून लिहिलं, "लांग्झाला गेलात तर एक शाळिग्राम आणाच, पोरं शंभर-दोनशेला देतात. तसे आपल्या तोरणमाळलाही सापडतात." वाचून डोकं फिरलं. लांग्झा म्हणजे हिमाचलमधल्या स्पितीचं गाव, 4400 मीटरवर. तिथल्या काळ्या दगडात वळ्यावळ्यांचा अ‍ॅमोनाइट दिसतो, त्यालाच शाळिग्राम म्हणतात; तो हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्रातला शंखधारी जीव. दोन भूखंड भिडले, समुद्राचा तळ हिमालय होऊन वर आला, म्हणून शंख डोंगरावर. प्रत्येकाने एकेक उचलला तर पुढच्याने काय, नुसता बर्फ बघायचा? आणि तोरणमाळ म्हणजे निव्वळ लाव्हा. त्यात समुद्र कुठून आला?

धुळेकर_मूळ_पोस्टवाला: दगड मीच आणला, मीच सांगतो. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात मुक्तिनाथहून आणलेला शाळिग्राम आहे, रोज तुळस वाहते. तीही चोर का? आणि तोरणमाळचं म्हणाल तर मामांनी लहानपणी शंख दाखवले होते.

तापीकाठचा: मामांचे शंख तापीच्या गाळातल्या गोगलगायी असतील. आजीला मी काही बोललो नाही, उगाच तिला मध्ये आणू नका.

केळीवाला_सावदा: कसाले वाद घाली ऱ्हायनात भो? लांग्झाचं एवढं दुखतं, आपल्या घरचं काय? 2009 साली आमची विहीर खणताना खडकात पोकळी लागली. आत काचेसारखे स्फटिक, त्यांच्याखाली फिकट गुलाबी पाती. एक व्यापारी आला, वडिलांच्या हातावर पाचशे टेकवले अन् गोणीभर घेऊन गेला. पुढे कळलं की सावद्याचे झिओलाइट, म्हणजे हेच असले स्फटिक, परदेशातल्या संग्रहालयांत नावानिशी मांडलेले असतात. आमच्या गावात एक कपाटही नाही! आपलं बघायला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयापर्यंत जा.

धुळेकर_मूळ_पोस्टवाला: हे बघा. म्हणजे खान्देशी माणसाने विकलं तर बिचारा, मी विकत घेतलं तर चोर.

केळीवाला_सावदा: बिचारा नाही, अडाणी. तुम्ही शिकलेले होते.

यावलची_मास्तरीण: विषय कुठून कुठे गेला! केळीवाले भाऊ, स्फटिक म्हणजे जीवाश्म नव्हे. लाव्हा थंड झाल्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाणी झिरपून ते तयार होतात. विहिरीतून काढले नसते तर खडीत गेले असते. लांग्झाचा दगड तसा वाया जात नव्हता. आम्ही गेलो तेव्हा मुक्काम होता त्या घरच्या बाईने हात जोडून सांगितलं, बघा, फोटो काढा, नेऊ नका. माझ्या मुलाने तरी बुटात लपवून आणला. घरी आल्यावर दिसला. चार दिवस अबोला होता, दगड अजून टीव्हीशेजारी आहे. तेव्हा मला फार बोलायची सोय नाही.

तापीकाठचा: निदान कबूल तरी केलंत.

केळीवाला_सावदा: खडीत गेले असते, हे मान्य. पाचशे मान्य नाही.

तापीकाठचा: ज्यांना समुद्री जीवाश्मच बघायचेत त्यांनी सेंधव्यावरून बडवानी, कुक्षी करत मध्य प्रदेशातल्या बाघला जावं. नर्मदेच्या खोऱ्यातले ते थर आपल्या लाव्हाच्याही आधीचे. खऱ्या समुद्राचे, मामांच्या नव्हे.

धुळेकर_मूळ_पोस्टवाला: मामा वारले हो. तोरणमाळची ओळ काढतो, शाळिग्रामाची नाही. बाघचा रस्ता कसा आहे? कुटुंब सोबत आहे, आजीही यायची म्हणते.

तापीकाठचा: मामांचं माहीत नव्हतं. रस्ता आधी विचारून घ्या. आजीला आणा, पिशवी आणू नका.