माउंट व्हर्नन: दगड नव्हे, लाकूड
जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील घर दगडी असल्याचे म्हटले जाते, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. बाहेरून चिरेबंदी भासणाऱ्या त्याच्या भिंती लाकडी आहेत. पाइनच्या फळ्यांच्या कडा तिरप्या तासून त्यांना घडीव चिऱ्यांचे रूप दिले गेले आणि ओल्या रंगावर वाळू उडवून दगडाचा खरखरीतपणा आणला गेला. वडिलांनी १७३४ च्या सुमारास बांधलेले घर न पाडता वॉशिंग्टन यांनी १७५८ आणि १७७४ मध्ये त्याचा विस्तार आरंभला, त्यामुळे पश्चिमेकडील दर्शनी बाजूच्या खिडक्या सारख्या अंतरावर नाहीत. मला हीच विषमता या वास्तूत सर्वाधिक भावते. गुलाम सुतारांचे हातही या बांधकामाला लागले होते, आणि १७९९ मध्ये या इस्टेटीवर गुलामगिरीत असलेल्या माणसांची संख्या ३१७ होती.