चर्चा: सगळ्यांनी सही केली, काकूंनी नाही. का?

तेविसावा: परवा सोसायटीत कागद फिरला, की घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. २२ सह्या झाल्या होत्या, मी तेविसावी केली. पटत नव्हतं, पण सेक्रेटरी पेन पुढे करून उभे. शेजारच्या काकूंनी चष्मा लावून अख्खा कागद वाचला, "हे काही मला जमायचं नाही" म्हणाल्या आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत गेल्या. ना वाद, ना भाषण. माझं मत: हा पिंडच असतो. असतो किंवा नसतो.

मुरुडकर: पिंड कसला, पोटापाण्याचं बघा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, मुरुडने वाळीत टाकलं. पण कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. पगार गावाच्या हातात नव्हता. काकूंचा फ्लॅटही स्वतःच्या नावावर असणार.

चहाबाज: मग न्यायमूर्ती रानड्यांचं काय? पगार सरकारी, तरी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहापायी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलंच. चहा झाला १८९० साली, गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुढे सगळा गोंधळ. रानड्यांना पोटाची काळजी नव्हती, आड आली ती स्नेह्यांची भीड. आपला माणूस धाकाला एक वेळ पुरून उरेल, भिडेला नाही.

खटका: +१. येल विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ मिलग्रामचा १९६१चा प्रयोग घ्या. प्रयोगवाल्याच्या हुकमावरून भिंतीपलीकडच्या माणसाला वाढत्या विजेचे झटके द्यायचे (खोटे, पण देणाऱ्याला ते ठाऊक नाही). ४० पैकी २६ जण पार ४५० व्होल्टपर्यंत गेले. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागला, तेव्हा जेमतेम पाचवा हिस्सा शेवटपर्यंत गेला. आणि शेजारचे दोघे "आम्ही नाही करत" म्हणून उठले तेव्हा ४० पैकी फक्त ४. पिंड असा खोलीगणिक बदलतो होय?

तेविसावा: ते उठणारे दोघे प्रयोगवाल्यांनीच पेरलेले होते हो! आमच्या जिन्यात कोण पेरणार? आणि पहिल्या खेपेचे उरलेले १४? त्यांच्या शेजारी कुणीच नव्हतं, तरी ते थांबले. त्यांचं काय ते सांगा.

खटका: त्यातले पाच जण ३०० व्होल्टला थांबले. पलीकडचा भिंतीवर लाथा मारायला लागतो तो हाच टप्पा. भिंतीपलीकडे माणूस आहे हे ज्याला ऐकू आलं, तो थांबला.

माजघर: कर्व्यांचा पगार मोजलात, गोदूबाईंना कुणी विचारतच नाही. आठव्या वर्षी वैधव्य, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिक्षण. विधवा बाई स्वतःच्या हिमतीवर जगते हे त्या तिथे रोज बघत होत्या. एकदा बघितल्यावर गावाने काहीही म्हणावं. बरं, काकूंकडच्या बाई किती वर्षं आहेत?

तेविसावा: अठरा. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच दंडाला धरून त्यांना लिफ्टपर्यंत आणायच्या. (आज सकाळी मी सेक्रेटरींना फोन करून माझी सही काढायला सांगितली.)

चहाबाज: फोन करून. समोर जाऊन नाही ना?

तेविसावा: नाही.