सायकल चालवताना कानातला वाऱ्याचा आवाज कमी कसा करायचा? मदत हवी आहे

मंडळी, रोड बाईकवर ताशी 25 किमीच्या पुढे गेलं की कानात वारा असा घोंघावतो की मागून येणारी एसटी जवळ आल्याशिवाय कळत नाही. कात्रज घाटाच्या उतारावर हे धोक्याचंच आहे. म्हणून इअरप्लग नकोत. वाऱ्याबरोबर हॉर्नही दबतो.

आवाजाचं मूळ कानाच्या पुढच्या कडेशी आहे. गालावरून येणारी हवा तिथे फाटते, भोवरे होतात आणि ते कानाच्या भोकावरून घासत जातात. मान जराशी वळवली की आवाज लगेच बदलतो, तो यामुळेच. हेल्मेटचा पुढचा पट्टा पिळलेला किंवा सैल असेल तर त्याची फडफड वेगळी. पट्टे सपाट बसवून, हनुवटीखाली दोन बोटांची जागा ठेवून झालं. फडफड गेली, घोंघावणं तसंच.

आता पुढच्या पट्ट्यावर, कानाच्या अगदी पुढे, 10-12 सेंमी लांबीची मऊ केसाळ फ्लीसची गुंडाळी वेल्क्रोने बसवायची आहे. तयार मिळणारे ‘कॅट-इअर्स’ (हेल्मेटच्या पट्ट्यावर लावायच्या केसाळ पट्ट्या) याच तत्त्वावर चालतात. कापड कानावर यायला नको, फक्त हवा अडली पाहिजे.

ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा: फ्लीसचे केस आखूड बरे की लांब? घामाने, पावसाने भिजून ते चपटे झाले तर उपयोग उरतो का? आणि गॉगलची काडी पट्ट्याच्या आतून घ्यायची की बाहेरून?