अमेरिकन पासपोर्ट घेतलेला भाचा भारतीय उरतो का?

गिरगावकर: न्यू जर्सीतल्या भाच्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डही आलं. घरचे म्हणतात, दुहेरी नागरिकत्व मिळालं. कसलं दुहेरी? १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ वाचा. स्वखुशीने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं संपलं. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही. माझ्या मते तो मराठी आहे, भारतीय नाही.

कांदेपोहे: काहीही! सुखकर्ता दुखहर्ता तोंडपाठ असलेला पोरगा एका कागदाने परका झाला?

गिरगावकर: आरत्या मॉरिशसचे मराठीही म्हणतात. त्यांचे पूर्वज इथूनच गेलेले. त्यांना भारतीय म्हणता का? मग भाच्यालाच सवलत कशाला?

अलिबागकरीण: त्यापेक्षा आपले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू बघा. आडनावं पेणकर, नवगावकर, घरात मराठी, मशीद बंदरजवळ १७९६चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. इस्रायलने १९५०मध्ये ज्यूंना तिथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणारा परतीचा कायदा केला, यथावकाश बहुतेक मंडळी तिकडे गेली. गंमत म्हणजे तिथल्या काही धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली! मोठं आंदोलन झालं, १९६४मध्ये प्रकरण मिटलं. म्हणजे नागरिकत्व हातात, तरी वंशाचा पुरावा द्या. तिथल्या लोकसंख्या नोंदणीत नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व वेगवेगळं. राष्ट्रीयत्व ज्यू, अरब, द्रूझ वगैरे. 'इस्रायली' असं लिहा म्हणून काही जण कोर्टात गेले, तर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं.

कांदेपोहे: बघा, माझंच खरं ठरलं. नागरिकत्व अमेरिकेचं, राष्ट्रीयत्व भारतीय.

गिरगावकर: तो इस्रायलचा हिशेब झाला. आपल्या पासपोर्टवर राष्ट्रीयत्वापुढे 'भारतीय' छापतात ते नागरिक आहात म्हणून. भाषा, जात, धर्म तिथे कोणी विचारत नाही, आणि तेच बरं आहे. नाहीतर मुंबईतल्या पारशांना काय इराणी लिहायचं?

शेवटची_कर्जत: अमेरिकेतही घोळ आहेच. अमेरिकन समोआत, म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांवर, जन्मलेले अमेरिकेचे 'नॅशनल', पण जन्माने नागरिक नाहीत. पासपोर्ट मिळतो, त्यावर तसा शेरा असतो.

दादर_पश्चिम: ते समोआ राहू द्या. मुंबईत राहणाऱ्याला मराठी आलं पाहिजे की नको, ते बोला.

गिरगावकर: त्यासाठी वेगळा धागा काढा, तिकडे मीही येतो भांडायला. इथे एवढंच, की डोमिसाइलसाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य बघतात, मातृभाषा नाही. आणि राज्याचं वेगळं नागरिकत्व आपल्याकडे नाहीच.

कांदेपोहे: मला पटलेलं नाही. मनाने भारतीय तो भारतीय. बरं, गावच्या सामाईक शेतजमिनीतला त्याचा हिस्सा गेला का मग?

गिरगावकर: मनाने असायला माझी ना नाही, मामला कायद्याचा आहे. जमीन वारसाने येते. विकत मात्र घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. आणि विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.