मदत हवी आहे: २०१९ च्या डिव्हिजन टूची निव्वळ धावगती

नामिबियात २०१९ मध्ये झालेल्या वर्ल्ड क्रिकेट लीग डिव्हिजन टूचा गुणतक्ता एक्सेलमध्ये बसवतोय. सहा संघ, पहिल्या चारांना वनडे दर्जा. चौथ्या जागेसाठी कॅनडा मागे राहिला तो निव्वळ धावगतीमुळेच (दर षटकामागे केलेल्या धावा वजा दर षटकामागे दिलेल्या धावा), म्हणून दशांशही चुकायला नको.

४७.४ षटकं (म्हणजे ४७ षटकं ४ चेंडू) ४७.६६७ धरलीत. सर्वबाद संघाला पूर्ण ५० षटकं लावलीत. इथेच बहुतेकांचं गणित फसतं.

आता अडचण. डकवर्थ-लुईस-स्टर्न (पावसामुळे षटकं कमी झाल्यावर लक्ष्य बदलण्याची पद्धत) लागून सामना पूर्ण झाला, तर पहिल्या संघाच्या खात्यात सुधारित लक्ष्यापेक्षा एक धाव कमी आणि दुसऱ्याला मिळालेली षटकं धरायची, बरोबर? दुसरा संघ सर्वबाद झाला तर त्यालाही तेवढीच षटकं धरायची ना? सुधारित लक्ष्य आणि षटकं दोन्ही दाखवणारी धावपत्रकं कुठे मिळतील?