चेंबरचा नेक किती घट्ट ठेवावा?

तुम्ही म्हणता, रायफलच्या चेंबरच्या नेकमध्ये, म्हणजे काडतुसाचं बुलेट धरणारं तोंड बसतं त्या भागात, अर्धा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जागा पुरे, जितकं घट्ट तितकं अचूक. मला हे पटत नाही. हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटिंगचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

रीमर (चेंबर कापायचं हत्यार) निवडण्याआधी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) ठरवा. ६ पीपीसी या अचूक नेमबाजीच्या काडतुसाचंच उदाहरण घ्या. बुलेट ०.२४३ इंच, पुंगळीचा नेक टर्न करून (बाहेरून तासून) भिंत ०.००८५ ठेवली, तर भरलेल्या राउंडचा (काडतुसाचा) नेक ०.२६० होतो. प्रचलित ०.२६२ चेंबरमध्ये एकूण दोन थाऊ, म्हणजे साधारण ०.०५ मिमी मोकळीक राहते. माझ्या मते एवढी हवीच. बार उडाला की नेकने फुगून बुलेट सोडायची असते. अर्धा थाऊ तर काजळीचा थर किंवा एखादी जाड भिंतच खाऊन टाकते. मग बुलेट आवळलेली राहते आणि दाब धोकादायक वाढतो. अचूकतेसाठी हा धोका कशाला पत्करायचा?

माप रिकाम्या पुंगळीचं नको, बुलेट बसवलेल्या राउंडचं घ्या, तेही फिरवून तीन-चार ठिकाणी. व्हर्नियर इथे चालत नाही, मायक्रोमीटरच लागतो. नागपूरच्या मे महिन्यात मापं बदलतील ही भीती मात्र सोडा. पंचवीस अंशांच्या फरकाने एवढ्या व्यासाचं पितळ जेमतेम ०.००३ मिमी वाढतं. त्यापेक्षा मायक्रोमीटरच्या जबड्यावरची धूळ जास्त फसवते.

आणि हो, रीमर बनवून घेताना नेकचा व्यास ड्रॉइंगवर लिहून घ्या, तोच आकडा बॅरलवरही कोरा. दुसऱ्या रायफलच्या जाड नेकचा राउंड चुकून त्यात जायला नको.